लग्नातला छायाचित्रकार : नव्याने येणाऱ्यांसाठी चार शब्द



यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना ती छापखान्याची चूक वाटली असेल. कामगार संघटनेचा माणूस आला म्हणजे तो बोनस, ग्रॅच्युइटी, संप यांवर बोलणार. लग्नाच्या फोटोंशी त्याचा संबंध काय? चालकांनीही मला हाच प्रश्न विचारला. मी त्यांना म्हटले, माझी तीस वर्षे इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत गेली. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि माणसांत. माझ्यासमोर जो माणूस जो प्रश्न घेऊन येतो तोच माझा अभ्यासाचा विषय. आणि अलीकडे माझ्यासमोर येणाऱ्या तरुणांपैकी काहीजण कॅमेऱ्याचा प्रश्न घेऊन येतात. तेव्हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

त्यातल्या एकाची हकीकत सांगून सुरुवात करतो. हा मुलगा कांडी भरण्यापासून चढत चढत मागावर आला होता. तो जिथे काम करीत होता तो कारखाना बंद पडला. येणे रक्कम मिळावी म्हणून आम्ही भांडलो, दीड वर्षाने पैसे मिळाले. चेक घेऊन तो कचेरीत आला. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, या पैशांतनं कॅमेरा घ्यावा म्हणतोय. लग्नाची कामं धरतो."

मी विचारले, "कधी कॅमेरा हातात घेतलायस?"

"मोबाइलवर काढतोय की. सगळे चांगले म्हणतात."

"आणि सगळे पैसे त्यातच घालणार?"

तो गप्प बसला. त्याच्या मागे त्याची आई उभी होती. तीही गप्पच होती, पण तिचे गप्प बसणे निराळे होते. बारा वर्षांच्या घामाचे पैसे एका काळ्या पेटीत जाणार की काय, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्या दिवशी त्याला "जा, घे" असे मी सांगितले नाही आणि "नको" असेही सांगितले नाही. त्याला खाली बसवले आणि माझीच एक जुनी गोष्ट सांगितली. ती आपल्यालाही सांगतो, कारण आज मी जे काही बोलणार आहे ते सारे त्या गोष्टीतून निघाले आहे.

गोष्ट १९९४ सालची. माझा एक मित्र सायझिंगमध्ये कामाला होता. त्याचे लग्न ठरले. स्टुडिओवाल्याला बोलावण्याइतके पैसे नव्हते. एका शिक्षकांकडे कॅमेरा होता, तो मी मागून आणला. पुस्तकात वाचून चार गोष्टी समजून घेतल्या आणि मोठ्या रुबाबात मांडवात उभा राहिलो. छत्तीस चित्रांचा रोल होता. प्रत्येक खटक्याला आकडा पुढे सरकत होता. पस्तीस झाले, छत्तीस झाले, सदतीस झाले, अडतीस झाले. मला आनंद झाला. म्हटले, रोल मोठा निघाला, गरिबाला देवाने दोन फोटो जास्त दिले!

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत रोल दिला. तिथल्या कारागिराने काळोख्या खोलीत तो उघडला आणि बाहेर येऊन मला विचारले, "तुम्ही फोटो काढले होते ना?" फिल्मचे टोक फिरत्या दांडीत अडकलेच नव्हते. आकडा फिरत होता, खटका वाजत होता, आणि फिल्म जशी घातली तशी आपल्या डबीत बसून होती. फिल्म पुढे सरकली की डाव्या बाजूची गुंडाळायची कळ आपोआप फिरते. ती फिरते की नाही एवढे एकदा पाहिले असते तर कळले असते. पुस्तकात ते लिहिलेही असेल. मी ते पान वाचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी नवरा-नवरीने पुन्हा लग्नाचे कपडे घातले आणि घराच्या भिंतीपुढे उभे राहिले. दुसऱ्या एकाने दोन फोटो काढले. पण मित्राचे वडील तोवर गावी परत गेले होते. शेतात काम होते. लग्नात फेटा बांधून ते मांडवाच्या दाराशी उभे राहिले होते. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. त्या फेट्याचे, त्या जोडलेल्या हातांचे चार तरी फोटो मी काढले होते, असे मी समजत होतो. त्याच पावसाळ्यात ते वारले. मुलाच्या लग्नातला त्यांचा एकही फोटो नाही. मित्र मला एवढेच म्हणाला, "जाऊ दे. लग्न तर लागलं ना!" आजही त्याच्या घरी गेलो की भिंतीवरच्या त्या फोटोकडे पाहण्याचे मी टाळतो.

आता या गोष्टीत माझी चूक कोणती? आपण म्हणाल, रोल नीट घातला नाही ही. ती तर होतीच, परंतु ती लहान चूक. तशी चूक प्रत्येक नवख्याच्या हातून एकदा होतेच. मोठ्या चुका दोन. पहिली, पहिल्याच खेपेला मी एकट्याच्या जिवावर एका कुटुंबाचा न परतणारा दिवस अंगावर घेतला. आणि दुसरी, त्यानंतर शिक्षकांचा कॅमेरा मी परत केला तो कायमचा. पुन्हा हातात घेतला नाही. चुकलो तिथे शिकायला हवे होते, मी पळालो. म्हणून आज कोणी तरुण माझ्याकडे येऊन "मला हे काम करायचे आहे" म्हणतो, तेव्हा त्याला मी दोन गोष्टी सांगतो. एक, जरूर ये. दुसरी, एकटा येऊ नकोस. माझ्या व्याख्यानाचा सारांश एवढाच आहे. पुढचा सगळा विस्तार.

काहीजण म्हणतात, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे, छायाचित्रकाराची गरज काय? या शंकेचे उत्तर कोणत्याही लग्नमंडपात मिळते. मंगलाष्टका संपत येतात, सारे जण मोबाइल उंच धरतात, आणि प्रत्येकाच्या मोबाइलात पुढच्याचा हात येतो! शिवाय मोबाइल धरलेला प्रत्येकजण कोणाचा तरी मामा, कोणाची तरी मैत्रीण असते. त्यांना अक्षता टाकायच्या असतात, रडायचे असते, पंगतीत बसायचे असते. लग्नातल्या सगळ्या माणसांना त्या दिवशी लग्नात असता यावे म्हणून एकाने लग्नाबाहेर उभे राहून पाहावे लागते. पाहण्याचे हे काम जो पत्करतो तो छायाचित्रकार.

आणि हे भाग्य सामान्य माणसाच्या वाट्याला अगदी अलीकडे आलेले आहे, हे लक्षात घ्या. पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली ती १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी. परंतु त्या काळी कॅमेऱ्यापुढे बसण्याची ऐपत राजेरजवाड्यांची आणि शेठसावकारांची. पुढे हाती धरता येणारा लहान कॅमेरा आला, फिल्मचा रोल स्वस्त झाला, तेव्हा कुठे चाळीतल्या आणि खेड्यातल्या लग्नाचे छायाचित्र निघू लागले. आपल्या आजीच्या लग्नाचे छायाचित्र किती जणांकडे आहे? थोडे हात वर येतील. म्हणजे ज्याला आपण थाटाचा आणि हौसेचा धंदा म्हणतो, त्याच्या पोटात गरिबाच्या घराचा इतिहास आहे. राजांचा इतिहास लिहायला बखरकार होते. आमच्या आयाबायांचे चेहरे राखायला मांडवातल्या फोटोवाल्याखेरीज कोणी नव्हते.

आता कामाकडे वळू. नवख्याने शिकायचे काय?

पहिली गोष्ट उजेड. कॅमेऱ्याची यंत्रे कितीही बदलली तरी उजेडाच्या वाटा तीनच. भिंगाचे छिद्र किती मोठे, पडदा किती वेळ उघडा, आणि आत उजेड टिपणारा पृष्ठभाग किती संवेदनाशील. याला बाजारात अॅपर्चर, शटर आणि आयएसओ म्हणतात. छिद्राचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हा उलटा हिशेब नवख्याला आठवडाभर छळतो. छळू द्या. मोठ्या छिद्राने पाठीमागचे सारे धूसर होऊन चेहरा उठून दिसतो, म्हणून नवखा त्याच्या प्रेमात पडतो. पण वधू पुढे आणि वर हातभर मागे असला की एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा पुसट येतो. लग्नात दोघांचेही चेहरे हवेत. तेव्हा छिद्र थोडे आवरा. पडदा सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकाच उघडा ठेवला तर चालती माणसे बहुधा पुसट होत नाहीत. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. चित्रात थोडे दाणे दिसले तरी चालतील, पण हललेला चेहरा कोणी भिंतीवर लावत नाही.

फ्लॅश थेट तोंडावर मारू नका. कार्यालयाचे छत पांढरे असेल तर त्यावर मारा, म्हणजे उजेड वरून मऊ होऊन उतरतो. पण वर लाल-पिवळे कापड ताणलेले असेल तर हीच युक्ती अंगाशी येते. कापडाचा रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर उतरतो आणि वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखे दिसते. लाजाहोमाच्या वेळी एकदा फ्लॅश बंद करून पाहा. अग्नीचा उजेड दोघांच्या चेहऱ्यावर जसा पडतो तसा कोणताही दिवा पाडू शकत नाही.

हे सारे शिकायला लग्नाची वाट पाहायची गरज नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या आईचे फोटो काढा. उजेड कमी, हात हलते, आणि माणूस तुमच्यासाठी थांबत नाही. मांडवात यापेक्षा वेगळे काही नसते. महिनाभर रोज हे केलेत तर हात बसेल.

दुसरी गोष्ट विधी. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक नाही तो नेहमी क्षणभर उशिरा पोचतो, आणि या कामात क्षणभराचा उशीर म्हणजे सगळाच उशीर. शेवटचे "सावधान" झाले की अंतरपाट दूर होतो. वधूवर एकमेकांकडे पाहतात, त्याच वेळी अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. हा सारा कारभार दोन-तीन सेकंदांचा. त्या वेळी तुम्ही बाजूला, दोघांचे चेहरे दिसतील अशा जागी आधीपासून उभे असले पाहिजे. वधूच्या पाठीमागे उभे राहिलात तर हाती मुंडावळ्यांची गाठ लागेल! कानपिळी कधी, सूनमुख कधी, झाल कधी, हे गुरुजींना आणि घरातल्या एखाद्या जाणत्या बाईला आदल्या दिवशी विचारून ठेवा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि सगळी लग्ने एका पद्धतीची नसतात. बौद्ध पद्धतीच्या विवाहात भगवान बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढे त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. तिथे अंतरपाटाची वाट पाहत बसलेला छायाचित्रकार हास्यास्पद ठरतो. निकाहात कबुली आणि सह्या हा मुख्य क्षण. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक पद्धतीने होणारी लग्ने आजही आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होणारे लग्न तर टेबलाभोवती उरकते, तीन साक्षीदारांच्या सह्या हाच त्यातला सोहळा. ज्या घरी काम घ्याल त्या घरची रीत शिका. छायाचित्रकाराला सगळ्या जातीधर्मांच्या माजघरात प्रवेश मिळतो. हा मान थोड्या धंद्यांना आहे. त्याला जागा.

तिसरी गोष्ट हाताखाली राहणे. कॅमेरा विकत घेण्याआधी एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराबरोबर निदान आठ-दहा लग्ने करा. दिवा धरा, पिशवी सांभाळा, मग दुसरा कॅमेरा चालवा. मागावर बसण्याआधी कांडी भरावी लागते. त्यात बारा वर्षे काढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. हाताखाली असताना तुमचा रोल कोरा निघाला तरी लग्न कोरे राहत नाही, कारण उस्तादाचा कॅमेरा चालू असतो. चुकण्याची मुभा हीच उमेदवारीची खरी कमाई. आणि यंत्र लगेच विकत घ्यायलाच हवे असे नाही. मोठ्या शहरांत कॅमेरे आणि भिंगे दिवसाच्या भाड्याने मिळतात. पहिली कामे भाड्याच्या यंत्रावर करा. यंत्राचा हप्ता कामाने फेडावा, घरच्या पुंजीने नव्हे.

चौथी गोष्ट जपणूक. माझ्या वेळी फिल्म अडकली नाही, आता कार्ड बिघडते. म्हणजे संकट तेच, फक्त वेश बदलला. दोन कार्डे एकदम लिहिणारा कॅमेरा मिळाला तर उत्तम. नाहीतर मोठे एकच कार्ड न वापरता विधीगणिक कार्ड बदला. बॅटऱ्या दोन ठेवा. घरी पोचलात की झोपण्याआधी सगळी चित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवा, आणि तिसरी प्रत घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी किंवा ऑनलाइन साठवणीत ठेवा. अल्बम हाती दिल्याखेरीज कार्ड पुसू नका. पहिली पाच-दहा चित्रे काढली की थांबून ती उमटली आहेत का हे डोळ्यांनी पाहा. या शेवटच्या वाक्याची किंमत मी १९९४ साली मोजलेली आहे. आपण ते फुकट घ्या.

इथवर कारागिरी झाली. आता माझ्या खात्याकडे येतो, म्हणजे मजुरीकडे.

नवखा नेहमी म्हणतो, "पहिलं काम फुकट करतो, नाव होईल." त्याला माझा सवाल असतो, गवंडी पहिली भिंत फुकट बांधतो का? आपल्या बहिणीच्या लग्नात फुकट काम करा, मित्राला आहेर म्हणून फोटो द्या, ते प्रेम आहे. उमेदवारीत कमी मजुरी घ्या, ते शिक्षण आहे. परंतु ज्या घरी मांडववाल्याला, आचाऱ्याला, बँडवाल्याला पैसे मिळतात, तिथे तुम्ही फुकट राबलात तर ती वेठ आहे. शिवाय तुमच्या फुकट कामाने शेजारच्या छायाचित्रकाराची मजुरी पडते. आज तुम्ही त्याची पाडता, उद्या दुसरा नवखा तुमची पाडील. गिरण्यांच्या दारात, नाक्यानाक्यावर आम्ही हेच पाहत आलो आहोत.

हिशेब करायला शिका. समजा, एका लग्नाचे दहा हजार रुपये ठरले. वाटते, एका दिवसाचे दहा हजार! पण मांडवात बारा तास, येण्याजाण्याचे तीन तास, मग घरी बसून चित्रे निवडणे, रंग सुधारणे, अल्बम लावणे यांचे पंचवीस तास. झाले चाळीस. मदतनिसाला अडीच हजार, भिंगाचे भाडे हजार, प्रवासाचे पाचशे. उरले सहा हजार. म्हणजे तासाला दीडशे रुपये, आणि त्यातूनच कॅमेऱ्याची झीज भरून काढायची. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय कोणालाही भाव सांगू नका. आणखी एक. हा धंदा हंगामी आहे. तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लगीनसराई सुरू होते आणि आषाढात पडदा पडतो. चातुर्मासात पोटाला सुट्टी नसते. तेव्हा हंगामाची कमाई बारांनी भागा आणि महिन्याला तेवढेच खर्च करा.

ठराव लिहून घ्या. एक पान पुरते. किती तास, किती माणसे, किती चित्रे, अल्बम किती दिवसांत, आगाऊ किती, बाकी कधी, कार्य पुढे ढकलले तर काय, आणि काम करणाऱ्यांचे जेवण. हसू नका! सकाळी सहापासून उभ्या असलेल्या पोराला चार वाजता "पंगत उठली" असे ऐकावे लागते, हे मी पाहिलेले आहे.

त्या पानावर आणखी एक ओळ हवी, ती मालकीची. पुष्कळांचा समज असा की, फोटो मी काढला म्हणजे तो माझा. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले तर, उलट करार नसल्यास, त्याचा पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे लग्नघर. तेव्हा कोणाच्या लेकीचा रडता चेहरा आपल्या जाहिरातीसाठी जगाला दाखवण्याआधी परवानगी घ्या, आणि ती लेखी घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांनी आपल्याला माजघरात येऊ दिले त्यांची अब्रू चव्हाट्यावर नेऊ नये, हे सांगायला वकील कशाला?

भगिनींना एक विशेष विनंती. हे पुरुषांचे काम आहे असे कोणी सांगेल तर त्याला होमाई व्यारावाला यांचे नाव सांगा. त्या १९१३ साली जन्मल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. आरंभी त्यांची चित्रे पतीच्या नावाने छापली जात. त्याच बाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. लग्नात तर स्त्रीला एक सवड अधिक आहे. वधूच्या खोलीत, हळदीच्या वेळी, आई लेकीला साडी नेसवते तेव्हा तिथे पुरुषाला दाराबाहेर थांबावे लागते. ते सारे चित्रांत यायचे तर मुलींनी कॅमेरा हाती घेतला पाहिजे.

आणि जो आज शिकाऊ आहे तो उद्या उस्ताद होईल, त्यालाही आत्ताच सांगून ठेवतो. मदतनिसाची मजुरी त्याच संध्याकाळी द्या. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारी लहान पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, घरच्या व्यवसायातली शाळेबाहेरच्या वेळेतली मदत वगळली आणि कलाकार म्हणून केलेल्या कामाचा अपवाद सोडला, तर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर लावता येत नाही. तुमच्या दिव्याखाली असे पोर उभे नसावे. तुम्ही ज्या जाचातून आलात तो दुसऱ्याच्या माथी मारण्यासाठी धंदा काढला नाहीत, हे विसरू नका.

आता शेवटचा मुद्दा, एकटे न राहण्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. गंमत पाहा. त्या रविवारच्या सुट्टीमुळेच आज मुहूर्त रविवारचा निघाला की लग्नघर खूश होते, आणि त्याच रविवारी छायाचित्रकार सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो! त्याला ना हजेरीपट, ना मालक, ना आजारपणाची रजा. लग्नाच्या दिवशी त्याला ताप आला तर काय? म्हणून गावातल्या चार छायाचित्रकारांनी आपसांत ठरवावे की एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचे काम पुरे करायचे आणि गिऱ्हाईक पळवायचे नाही. एकाचे भिंग दुसऱ्याने वापरावे. अमुक भावाखाली कोणी जाऊ नये. असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ई-श्रमची नोंदणी सुरू केली, ती करून घ्यावी. संघटना म्हणजे झेंडा आणि घोषणा एवढेच नव्हे. तापाच्या दिवशी तुमच्या जागी उभा राहणारा माणूस म्हणजे संघटना.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. पैशांपैकी मोठा भाग त्याने आईच्या नावे बँकेत ठेवला. दिवसा एका सूत गोदामात काम धरले आणि लगीनसराईभर एका छायाचित्रकाराचे दिवे धरले. दुसऱ्या हंगामात त्याने वापरलेला कॅमेरा आणि एक साधे भिंग घेतले. पहिल्या स्वतंत्र कामानंतर तो कचेरीत आला आणि पडद्यावर एकेक चित्र दाखवू लागला. कुठे मान कापली गेली होती, कुठे उजेड जास्त झाला होता. मग एक चित्र आले. मांडवाच्या दाराशी वधूचे वडील उभे. फेटा थोडा सैल झालेला. येणाऱ्या कोणाला तरी दोन्ही हात जोडताहेत.

मी विचारले, "हा का काढलास?"

तो म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगितलं होतं की."

मी त्याला ते चित्र पुन्हा एकदा दाखवायला सांगितले. असे चित्र काढणारी माणसे आपल्या गावागावांत आणखी हवी आहेत. ज्यांच्या मनात आहे त्यांनी यावे. हात चुकेल, त्याची भीती बाळगू नये. जाणत्याच्या हाताखाली शिकावे, चोख काम करावे, चोख दाम घ्यावे, आणि आपल्यामागून येणाऱ्याला हात द्यावा.